निदान स्कूटरला बुकिंग नंबर मिळायचा

भाच्याला चाळीस पूर्ण झाली तेव्हा त्यानं स्वतःसाठी एक घड्याळ घ्यायचं ठरवलं. आयटीतला माणूस, घराचे हप्ते फिटलेले, आयुष्यात चैन म्हणावी अशी ही एकच. मुंबईतल्या एका लखलखीत दुकानात तो मला सोबत घेऊन गेला. ब्रँडचं नाव सांगत नाही, दुकानाचंही नाही. घड्याळ स्टीलचं, काळ्या डायलचं, समोरच काचेत ठेवलेलं. किंमत कंपनीच्या वेबसाइटवर जाहीर. पैसे खात्यात. आणि घड्याळाच्या पायाशी एक चिमुकली पाटी: 'केवळ प्रदर्शनासाठी'.

पुढचा पाऊण तास आम्ही कॉफी पीत मुलाखत दिली. हो, मुलाखतच. काय करता, कुठे राहता, आत्ता हातात कोणतं घड्याळ आहे, आमच्याकडून याआधी काही घेतलंय का. समोरचा मुलगा अतिशय नम्र होता. शेवटी म्हणाला, "सर, आधी थोडी पर्चेस हिस्टरी तयार झाली तर बरं पडेल." म्हणजे काय, तर दुकानात बरेच दिवस पडून असलेलं दुसऱ्या कुठल्या तरी ब्रँडचं एखादं घड्याळ घ्या, मॅडमसाठी हिऱ्याचं काहीतरी बघा, मग आम्ही तुमचं नाव पुढे सरकवतो. भाच्यानं सरळ विचारलं, "यादीत माझा नंबर कितवा?" तो हसला. "सर, नंबर असा नसतो."

बाहेर येऊन भाच्यानं फोनवर शोधलं. तेच घड्याळ, नवं कोरं, खोक्यासकट, वॉरंटी कार्डासकट, दोन स्टेशनं पलीकडे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आत्ता, या क्षणी मिळत होतं. छापील भावापेक्षा सव्वाचार लाख जास्त. तो मला म्हणाला, "मामा, हा तर काळाबाजार झाला."

काळा नाही, करडा. धंद्यात त्याला ग्रे मार्केट म्हणतात. माल अस्सल, कारखाना तोच, फक्त कंपनीनं नेमून दिलेल्या दुकानाऐवजी तो भलत्याच दारातून आलेला. या भलत्या दाराबद्दल अधिकृत विक्रेते ज्या सुरात बोलतात, जणू तिथे पाय ठेवणं म्हणजे अब्रूचा पंचनामा, त्या सुराशी माझं भांडण आहे. हे दार अधिकृत दुकानानंच पाडलंय. आधी स्वतः विकायचं नाही, आणि मग दुसरा विकतो म्हणून त्याला नावं ठेवायची, हे पटणारं नाही.

माझ्या वयाच्या माणसाला यात काही नवीनही नाही. वडिलांनी बजाजची स्कूटर नोंदवली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि ती घरी आली तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. आकुर्डीच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडत होत्या, पण परवाना राजमध्ये किती बनवायच्या ते सरकार ठरवी, आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. मग काय होणार? ज्याचा नंबर लागे तो गाडी घरी न नेता परस्पर विकून टाकी. वरच्या पैशांना 'ऑन' म्हणत. "चेतकला ऑन किती चाललाय?" हा प्रश्न तेव्हा सोन्याच्या भावासारखा विचारला जाई. घड्याळांचंही तेच. बंगळूरला एचएमटीनं सिटिझनच्या मदतीनं 1961 मध्ये घड्याळं बनवायला घेतली तरी पुरवठा पुरत नव्हता, आणि ज्यांना 'फॉरेनचं' हवं ते मुंबईतल्या तस्करीच्या मालाच्या बाजारांत, मनीष मार्केटला नाहीतर मुसाफिरखान्यात जात. दुबईहून येणाऱ्या गलबतांत सोन्याच्या बिस्किटांशेजारी घड्याळंही असत. जावयाच्या मनगटावरचं सेको कुठल्या वाटेनं आलं, हे मांडवात कुणी विचारत नसे.

फरक एकच. तेव्हाची टंचाई सरकारनं लादलेली होती, आजची कंपनीच्या सोयीची आहे. आणि तेव्हाच्या टंचाईत निदान स्कूटरला बुकिंग नंबर मिळायचा. पावती मिळायची, तारीख असायची, नंबर पेपरात बघता यायचा.

सोयीची टंचाई हा शब्द कंपन्यांना झोंबेल. 2021 मध्ये रोलेक्सनं जाहीरपणे सांगितलं होतं की टंचाई ही आमची रणनीती नाही. दर्जा न घालवता जेवढं बनवता येतं तेवढं आम्ही बनवतो. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये बुल इथे ते 1 अब्ज फ्रँकहून जास्त खर्चून नवा कारखाना उभारतायत, तो 2029 मध्ये सुरू व्हायचा आहे. नुसतं नाटक करायला कुणी एवढा पैसा ओतत नाही. पण टंचाई खरी धरली तरी मूळ प्रश्न उरतोच: असलेला माल कुणाला द्यायचा हे कोण ठरवणार, आणि कशाच्या आधारावर?

इथे जरा हिशेब मांडू, कारण सगळी गोम त्यातच आहे. समजा घड्याळाचा छापील भाव 10 लाख आणि बाजारात लोक 14 द्यायला तयार आहेत. मधले 4 लाख हवेत विरत नाहीत. ते कुणाच्या ना कुणाच्या खिशात जाणारच. कंपनीनं भाव 14 केला तर कंपनीच्या. ते ती करत नाही, कारण रांग हीच तिची जाहिरात आहे. अधिकृत विक्रेत्यानं छापील भावात विकलं तर पहिल्या गिऱ्हाइकाच्या. त्यानं ते पुढे विकलं तर ग्रे मार्केटवाल्याशी वाटून. आणि विक्रेत्यानं "आधी हे दुसरं 6 लाखांचं घ्या" म्हटलं, आणि ते दुसरं घड्याळ दाराबाहेर पडताच 3 लाखांचं झालं, तर तुम्ही 3 लाख ऑन अधिकृत दुकानातच भरलात. फक्त कच्च्या पावतीऐवजी पक्क्या बिलावर. पहिल्या मजल्यावरचा माणूस निदान तोंडानं सांगतो की मी सव्वाचार जास्त घेतोय.

म्हणून 'छापील भावात मिळालं' असं कुणी अभिमानानं सांगितलं की मी विचारतो, त्याच्यासोबत काय काय घेतलंत? बहुतेक जण विषय बदलतात.

विक्रेत्यांची एक बाजू आहे, तीही सांगतो. घड्याळ घेऊन दुसऱ्याच दिवशी विकणारे लोक त्यांना नको असतात. त्यासाठी ते काउंटरवरच सगळी स्टिकरं सोलून काढतात, काही जण वॉरंटी कार्ड वर्षभर स्वतःजवळ ठेवून घेतात. पण पैसे पूर्ण मोजलेल्या वस्तूचा कागद दुकानदारानं स्वतःकडे ठेवायचा, हे कुठल्या धंद्यात चालतं? आणि अशी राखण करूनही ग्रे मार्केटमध्ये माल येतो तो येतोच. कित्येकदा मागच्या दारानं अधिकृत दुकानातूनच. या कारणानं विक्रेतेपद गेल्याची उदाहरणं धंद्यात सगळ्यांना माहीत असतात.

ढोंगाची कमाल मला डिसेंबर 2022 मध्ये वाटली. रोलेक्सनं स्वतःच्याच जुन्या घड्याळांना प्रमाणपत्र देऊन ती अधिकृत दुकानांतून विकायची योजना आणली, सुरुवात बुखरर या स्विस दुकानसाखळीपासून. तेव्हा अट अशी होती की घड्याळ किमान 3 वर्षांचं हवं. भाव दुकान ठरवणार, म्हणजेच बाजार ठरवणार. परिणाम असा की ज्या दुकानात नवं मॉडेल छापील भावात 'केवळ प्रदर्शनासाठी' आहे, तिथेच त्याचं वापरलेलं भावंड जास्त पैशांना लगेच बांधून मिळतं. पुढच्याच वर्षी रोलेक्सनं बुखररच विकत घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा वरचा पैसा वाईट असं कंपनीचंही म्हणणं नाही. तो आपल्या दारातून यावा एवढंच म्हणणं आहे.

आत्तापर्यंत मी महागात विकणाऱ्या ग्रे मार्केटबद्दल बोललो. पण त्याचं दुसरं, जास्त जुनं रूप स्वस्तात विकण्याचं आहे, आणि बहुतेक ब्रँडांच्या बाबतीत तेच खरं. जी घड्याळं मागणीपेक्षा जास्त बनतात, ती विक्रेत्यांच्या तिजोरीत साठतात. मग कुणीतरी ती गुपचूप घाऊक भावात काढून टाकतो आणि ती दुसऱ्या देशात दणदणीत सवलतीत विकली जातात. अमेरिकेत कॉस्टको नावाची वाणसामानाची अवाढव्य दुकानं आहेत. तिथे ओमेगाचं सीमास्टर 1,299 डॉलरला मिळू लागलं. कंपनीचा सुचवलेला भाव 1,995. माल परदेशातल्या अधिकृत वितरकाकडून फिरत फिरत आलेला, शंभर टक्के अस्सल. ओमेगानं घड्याळाच्या पाठीवर एक बारीकसं पृथ्वीगोलाचं चित्र कोरून घेतलं होतं. त्या चित्रावर कॉपीराइट, म्हणून आमच्या परवानगीशिवाय अमेरिकेत आणणं बेकायदा, असा दावा! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात 2010 मध्ये 4 विरुद्ध 4 असं अडकलं आणि अखेर 2015 मध्ये कॉस्टकोच्या बाजूनं निकाल लागला. बटाट्याच्या पोत्यांशेजारी आपलं घड्याळ दिसू नये म्हणून कंपन्या कुठवर जातात, याचा हा नमुना.

याहून टोकाचा नमुना रिशमाँचा. कार्तिए, पियाजे ही नावं या समूहाची. चीन-हाँगकाँगची मागणी ढासळल्यावर न खपलेली घड्याळं ग्रे मार्केटमध्ये जाऊ नयेत म्हणून त्यांनी दोन वर्षांत जवळपास 50 कोटी युरोंचा माल परत विकत घेतला आणि त्यातला बराचसा मोडीत काढला. चालू, नवी, कुणीतरी महिनोन्‌महिने खपून जुळवलेली घड्याळं. कारागिरीच्या गोष्टी सांगून ती विकणाऱ्यांनीच कारागिरी वितळवली, कारण ती स्वस्तात कुणाच्या मनगटावर दिसली असती. हे 2018 मध्ये वाचलं तेव्हापासून 'ब्रँडची प्रतिष्ठा' हा शब्द ऐकला की मला ती भट्टी आठवते.

आता आपल्याकडे. ग्रे मार्केट भारतात बेकायदा आहे का, असं लोक दबक्या आवाजात विचारतात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं ऑक्टोबर 2012 मध्ये सॅमसंगच्या एका खटल्यात याचं बऱ्यापैकी स्वच्छ उत्तर दिलं. खटला प्रिंटरांचा होता, पण तत्त्व घड्याळालाही तेच. मालकानं जगात कुठेही एकदा रीतसर विकलेली अस्सल वस्तू दुसऱ्या कुणी आयात करून इथे विकली तर ट्रेडमार्क कायद्याच्या आधारे तिला अडवता येत नाही. मात्र विक्रेत्यानं ठळक पाटी लावायची: हा माल आयात केलेला आहे, कंपनीची वॉरंटी याला नाही, दुरुस्तीची जबाबदारी आमची. एवढं साधं. गिऱ्हाइकाला खरं सांगा आणि विका.

पण, आणि इथे मी ग्रे मार्केटवाल्यांची बाजू सोडतो, हा निकाल रीतसर आयात केलेल्या मालाबद्दल आहे. आपल्याकडच्या करड्या मालातला बराचसा भाग करडा नसून काळाच असतो, आणि त्याचं कारण सीमाशुल्क. स्विस घड्याळावर सप्टेंबर 2025 पर्यंत मूळ सीमाशुल्क 20 टक्के होतं, वर 18 टक्के जीएसटी. दुबईत व्हॅट 5 टक्के. मधल्या फरकात एखाद्याचं विमानाचं तिकीट आरामात निघतं. म्हणून घड्याळ मनगटावर येतं, खोका दुसऱ्याच्या बॅगेत, कार्ड तिसऱ्याच्या पाकिटात. विमानतळावरची करमुक्त सवलत असल्या घड्याळाच्या पट्ट्यातच संपते, त्यामुळे 'माहीत नव्हतं' हे कारण चालण्यासारखं नाही. पहिल्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात भाच्यानं बिल मागितलं तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "बिलावर घ्याल तर भाव वेगळा." तिथून आम्ही उठलो.

कर बुडवणाऱ्याला कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध लढणारा वीर ठरवायची मला हौस नाही. 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणंच कायद्यानं बंद आहे. एप्रिल 2025 पासून 10 लाखांवरच्या घड्याळावर विक्रेत्यानं 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर, गोळा करायचा आहे. बिल नाही म्हणजे या सगळ्याला फाटा. शिवाय बिल नसेल तर घड्याळ चोरीचं नाही हे तुम्ही कशावरून सांगणार? आणि आतलं यंत्र एकाचं, डायल दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे नाहीत हे?

हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलंय. पुण्यात आमच्या ओळखीचे एक घड्याळजी आहेत, जिन्याखाली चार फुटांची जागा. एकदा त्यांच्याकडे बसलो असताना एक गृहस्थ 'दुबईचं' घड्याळ घेऊन आले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, पाठ उघडली आणि काही न बोलता घड्याळ भिंगासकट त्यांच्या हातात दिलं. बाहेरचं कवच अस्सल, आतल्या पुलांवरचं, म्हणजे यंत्राची चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवरचं, कोरीवकाम मात्र डाय मारल्यासारखं सपाट, आणि एका स्क्रूची खाच चेपलेली. "कवच खरं आहे," घड्याळजी म्हणाले. त्या गृहस्थांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

याच जिन्याखालच्या माणसामुळे मला या वादातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. घड्याळ कुठून घेतलं हा प्रश्न एक दिवसाचा. ते पुढची तीस वर्षं कोण दुरुस्त करणार हा खरा प्रश्न. यांत्रिक घड्याळाला दर काही वर्षांनी उघडून, धुऊन, तेल घालावंच लागतं. वॉरंटी रोलेक्सची 5 वर्षं, कित्येकांची 2. त्यानंतर ग्रेवाला आणि अधिकृतवाला दोघेही एकाच पायरीवर येतात, पैसे मोजून दुरुस्ती. पण बड्या स्विस कंपन्या सुटे भाग बाहेरच्या कारागिरांना देत नाहीत किंवा फार मोजक्यांना देतात. आमचे घड्याळजी चाळीस वर्षांचा हात असूनही एक साधी स्प्रिंग सरळ मार्गानं मागवू शकत नाहीत. युरोपात स्वतंत्र कारागिरांची संघटना यासाठी वर्षानुवर्षं भांडली आणि 2017 मध्ये तिथल्या न्यायालयात हरली. आपल्याकडे मात्र मोटारींच्या बाबतीत स्पर्धा आयोगानं 2014 मध्ये 14 कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता, सुटे भाग खुल्या बाजारात देत नाहीत म्हणून. मोटारीला जे लागू ते घड्याळाला का नको?

श्रीमंतांच्या घड्याळांची चिंता आपण कशाला करायची, असं कुणी म्हणेल. मलाही लिहिताना दोनदा वाटलं. पण स्पर्धा कायद्यात 'एका वस्तूसोबत दुसरी घ्यायला लावणं' आणि 'विकायला नकार देणं' या दोन्हींना नाव आहे, कलम 3(4). बाजारातल्या स्पर्धेला त्यानं खरोखर धक्का बसतो हे दाखवावं लागतं, ते सोपं नाही. तरीही आज घड्याळाच्या दुकानात चालवून घेतलं ते उद्या गाडीच्या, परवा गॅसच्या शेगडीच्या दुकानात येतं. गॅस कनेक्शनसोबत शेगडी माथी मारणारे एजंट आपण विसरलो का? फ्रान्समध्ये डिसेंबर 2023 मध्ये स्पर्धा प्राधिकरणानं रोलेक्सला 9.16 कोटी युरोंचा दंड केला, आपल्या विक्रेत्यांना ऑनलाइन विकायला मनाई केली म्हणून. नकली माल रोखण्यासाठी ही मनाई आहे असं कंपनीचं म्हणणं होतं. यापेक्षा कमी जाचक उपाय आहेत असं प्राधिकरणाचं. बड्या कंपनीला जाब विचारता येतो, एवढं त्यातून दिसलं.

आपल्याकडे काळ बदलण्याची एक शक्यता आहे. स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आणि त्यात स्विस घड्याळांवरचं सीमाशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं शून्यावर येणार आहे. दुबईहून मनगटावर आणण्यातला फायदा तेवढा आटेल. काळा भाग कमी होईल. करडा राहील, कारण तो शुल्कातून आलेलाच नाही. तो त्या न दिसणाऱ्या यादीतून आलाय. ती यादी उघडी करा, क्रमांक लिहून द्या, तारीख टाका, दुसरं काही घेण्याची सक्ती नाही असं भिंतीवर लावा. ज्या दिवशी हे होईल त्या दिवशी मी ग्रे मार्केटला एक शब्दानं समर्थन देणार नाही.

तोवर घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की घाई करू नका. 2022 च्या सुरुवातीला पाटेक या स्विस कंपनीचं नॉटिलस हे घड्याळ छापील भावाच्या चौपटीहून जास्त किमतीला जात होतं. व्याजदर चढले, क्रिप्टो कोसळलं आणि 'घड्याळ ही गुंतवणूक' म्हणणाऱ्यांचे आवाज एका उन्हाळ्यात बसले. ऑन देऊन घेतलेली वस्तू ऑन देऊनच विकली जाईल याची हमी चेतकलाही नव्हती.

भाच्यानं त्या पहिल्या दुकानाला एक ईमेल लिहिली होती. यादीतला माझा क्रमांक आणि अंदाजे महिना कळवावा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: आम्ही यादी ठेवत नाही, फक्त आपली इच्छा नोंदवून घेतो. मग त्यानं वापरलेली घड्याळं विकणाऱ्या एका तिसऱ्याच ठिकाणाहून, पूर्ण बिलावर, आधीच्या मालकाच्या मूळ पावतीसकट, चार वर्षं जुनं घड्याळ घेतलं. छापील भावापेक्षा दीड लाख जास्त गेले. डाव्या बाजूला एक बारीक ओरखडा आहे. घड्याळजींनी पाठ उघडून भिंगातून बघितलं, परत लावली आणि म्हणाले, "सगळं एकाच घरचं आहे." त्याचे त्यांनी पन्नास रुपये घेतले, पावती मागितली तर हसले.